रोग्याच्या उशाशी

एकत्र कुटुंबात माणूस एकटा आजारी पडतो असे सहसा होत नाही. सारे घरच आजारी पडते. स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या शेगडीवर पेज चढते, मुलांना आवाज न करण्याची ताकीद मिळते, आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली म्हणजे एका रोग्याबरोबर तीन-चार मंडळी तरी निघतात. यात वाईट काहीच नाही. ज्याच्यामागे निघावयास कोणी नाही अशा माणसाचे दुःख ज्यांनी पाहिले आहे, ते या गर्दीस हसणार नाहीत. परंतु डॉक्टरांच्या खोलीत जे पुढे घडते ते मात्र विचार करण्यासारखे असते. डॉक्टर रोग्याकडे पाहून विचारतात, "काय होतंय?" रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच मागून उत्तर येते, "यांना मुळी झोपच नाही." "भूक लागते का?" "आता कुठली भूक!" हे दुसऱ्याचे उत्तर. तिसरा गेल्या वर्षीचे कागद पुढे सरकवतो, चौथा शेजारच्या कोणास असेच झाले होते ते सांगू लागतो. ज्याच्या पोटात दुखत असते तो तेवढा गप्प बसलेला असतो.

आपल्या जुन्या वैद्यकाने या बाबतीत फार बारकाईने विचार केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषेसाठी जवळ उभा असलेला. प्रत्येक पादाच्या ठायी चार गुण असावे लागतात. उपस्थात्यास शुश्रूषेचे ज्ञान हवे, तत्परता हवी, रोग्याविषयी प्रेम हवे आणि शुचिता हवी. रोग्याने आपल्या आजाराचा वृत्तांत स्मरणात ठेवावा, वैद्य सांगेल तसे वागावे, भिऊ नये. आणि त्याचा चौथा गुण म्हणजे ज्ञापकत्व, अर्थात आपणास काय होते ते नीट सांगता येणे. ही यादी मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. रोग्याच्या वतीने बोलणे हा गुण उपस्थात्याच्या पदरी घातलेला नाही. तो रोग्याचा स्वतःचा आहे. खाटेचा एक खूर दुसऱ्याच्या जागी लावून चालत नाही, खाट डगमगतेच. तसेच येथेही होते. घर रोग्याजवळ उभे असावे, परंतु रोगी आणि वैद्य यांच्या मध्ये ते उभे राहू नये, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर अमरावतीचे. त्यामुळे या विषयाची उदाहरणे शोधण्यासाठी मला वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. हा तिसरा पाद अजिबात निघून गेला म्हणजे काय होते, याची साक्ष अमरावतीजवळच्या तपोवनाने दिली आहे. अमरावतीत होमिओपॅथीचा व्यवसाय करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी ही वसाहत उभारली. तेथे आलेल्या माणसांचा रोग जितका जुना, तितकेच त्यांचे घर त्यांना दुरावलेले असे. भाऊ वाटणीतून नाव काढीत, बायको माहेरी जाई, आणि गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची चोरी होई. पटवर्धनांनी या मंडळींना औषधाबरोबर काम दिले. शेती, विणकाम, सुतारकाम यांवर त्यांचे हात पुन्हा चालू लागले. घराने सोडलेली जागा एका डॉक्टराने आणि त्यांच्या संस्थेने भरून काढली. भारत सरकारने १९५९ साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

पुढे या रोगावर खात्रीचे औषध आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत पुरस्कारिली आणि रोग निश्चित बरा होऊ लागला. परंतु १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना अडकवून ठेवणारा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि जोडीदारास कुष्ठरोग आहे एवढ्यावरून घटस्फोट मागण्याची मुभा कायद्यातून निघाली ती २०१९ साली. औषध हाती आल्यानंतर तिसऱ्या पादास जागेवर परत यावयास आणखी अडतीस वर्षे लागली, आणि तीही कायद्याच्या कागदावर. प्रत्येक घरात तो परत आला आहे, असे कोण म्हणेल?

घर जवळ आहे, रोग्यावर त्याचे प्रेमही आहे, परंतु डॉक्टरांवर विश्वास नाही, अशीही एक स्थिती असते. ती पाहण्यासाठी अमरावतीहून उत्तरेस मेळघाटात जावे लागेल. तेथील कोरकू घरांतून मूल आजारी पडले म्हणजे प्रथम भूमकाकडे नेण्याची रीत आहे. पोट फुगलेल्या अर्भकास तापल्या लोखंडाचे चटके देतात. त्यास तिकडे डंबा म्हणतात. शहरात बसून या आईबापांस अडाणी म्हणणे सोपे आहे. पण भूमका हा त्यांच्या गावचा, त्यांच्या भाषेत बोलणारा, मध्यरात्री उठून येणारा माणूस; आणि डॉक्टर हा दूरच्या गावी, कागदावर लिहून देणारा परका. आपले लेकरू आपण तरी कोणाच्या हाती देऊ?

डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातील बैरागड येथे जाऊन राहिले, तेव्हा गावी पोचण्यासाठी चाळीस किलोमीटर पायी चालावे लागे. तपासणीचे दोन रुपये आणि पुन्हा दाखविण्याचा एक रुपया, एवढे त्यांचे शुल्क असे. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे नागपुरातील आपला व्यवसाय सोडून तेथे आल्या. गावाने त्यांना लगेच आपले म्हटले असे नाही. त्यांचे स्वतःचे अर्भक अत्यवस्थ झाले तेव्हा मुलास शहरातील मोठ्या रुग्णालयात न्यावे, असे गावकरीच म्हणू लागले. गावच्या मुलांना जे उपचार मिळतात तेच माझ्या मुलास मिळतील, असे ठरवून ती माता तेथेच राहिली. मूल वाचले, आणि त्या दिवसापासून गावाचे मन बदलले, असे हे दांपत्य सांगत आले आहे. २०१९ साली दोघांसही पद्मश्री मिळाली. आईने एवढे मोठे संकट पत्करावे की काय, यावर वाचकांत मतभेद होईल. माझ्याही मनाचा त्याविषयी निश्चय होत नाही. परंतु त्या गावास जे हवे होते ते काय, हे या प्रसंगाने स्वच्छ दिसते. डॉक्टरही आपल्यासारखेच कोणाच्या तरी उशाशी बसून रात्र काढतात, हे त्या लोकांस डोळ्यांनी पाहावयाचे होते.

आता आपल्यासारख्या सुशिक्षित घरांकडे वळू. आपण रोग्यास टाकीत नाही आणि डॉक्टरांवर अविश्वासही सहसा दाखवीत नाही. आपला दोष निराळा आहे. प्रेमाच्या भरात आपण रोग्याच्या पुढे उभे राहतो आणि त्यास मागे सारतो. बायकांच्या बाबतीत तर ही फार जुनी खोड आहे. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयास लोक अजून डफरीन म्हणतात आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयास लेडी हार्डिंग. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ साली निघाला तो हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून. परपुरुषास आपले दुखणे सांगणे बाईस शक्य नव्हते. ते घरातील पुरुष सांगत, म्हणजे त्यांना जेवढे ठाऊक असे तेवढे. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले, आणि पुढे त्याच बाई १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. बाईस आपले दुखणे मोकळेपणी सांगता येईल अशी कोणी असावी, ही त्यांच्या शिक्षणामागची तळमळ होती. आज स्त्री डॉक्टरांची वाण नाही, तरी जुनी सवय पुरती गेलेली नाही.

माझ्या माहेरच्या थोरल्या काकूंची हकीकत मी येथे सांगते. त्यांना साठी उलटल्यावर जठराचा कर्करोग झाला. डॉक्टर आतल्या खोलीत त्यांना तपासून बाहेर आले आणि बाहेरच्या खोलीत थोरल्या काकांस व दोघा चुलतभावांस त्यांनी रोगाचे नाव सांगितले. काकांनी तेथल्या तेथे निकाल दिला, "तिला कळता कामा नये. धीर सुटेल तिचा." काकूंना सांगण्यात आले की तुम्हाला जुने पित्त आहे. घरात त्या वेळी अकरा माणसे होती. त्यांपैकी दहांना खरे ठाऊक होते.

काकांचे काकूंवर प्रेम नव्हते असे म्हणणारा खोटा ठरेल. त्या आजारात हा तापट माणूस एकदाही आवाज चढवून बोलला नाही. परंतु त्या एका निर्णयाचा परिणाम काय झाला पाहा. पित्तच तर आहे, म्हणून काकूंनी एकादशी सोडली नाही, चतुर्थी सोडली नाही. अंगात कणभर रक्त राहावे म्हणून डॉक्टर धडपडत होते, आणि इकडे रोगी उपास करीत होता. दुखणे असह्य झाले तरी त्या डॉक्टरांना सांगत नसत. एवढ्याशा पित्तासाठी सारखी तक्रार कशी करावी, असा त्यांचा संकोच. रात्री त्यांच्याजवळ माझी आई झोपत असे. पहाटे दोनपासून त्या तोंडात पदराचा बोळा धरून बसतात, हे फक्त तिला ठाऊक होते. पण डॉक्टर आले की बोलणे बाहेरच्या खोलीत होई, आणि आई दाराशी उभी. कोणी तिला विचारले नाही आणि काकूंनाही विचारले नाही. चरकाने सांगितलेले दोन पाद, रोगी आणि उपस्थाता, घरात असूनही नसल्यासारखे झाले.

त्यांची एक इच्छा होती. कारंज्यास जाऊन गुरुमंदिरात एक दिवस बसावे, असे त्या आजाराच्या पहिल्या महिन्यापासून म्हणत. तेव्हा त्या जिना उतरून अंगणात येत होत्या. "बरं वाटलं की जाऊ," असे प्रत्येक जण म्हणे, कारण आता बरे वाटावयाचे नाही हे प्रत्येकास ठाऊक होते. तीन महिन्यांनी चुलतभावाने गाडी ठरविली, तेव्हा त्यांना उशीवरून मान उचलवत नव्हती. शेवटच्या आठवड्यात त्या आईला म्हणाल्या, "अगं, मरायचं मला, आणि ठाऊक तेवढं तुम्हाला!" आई ते वाक्य आजही सांगते, तेव्हा नजर वर करीत नाही. अकोल्याहून कारंजे काही काशी नव्हे. सकाळी निघून रात्री परत येता आले असते.

काही वर्षांनी, अमरावतीस माझ्या मामंजींचा आजार निघाला. त्यांची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. आम्ही नेहमीप्रमाणे चौघे जण त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर वयाने तरुण होते. कागद पाहून झाल्यावर त्यांनी आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता मामंजींना विचारले, "आजोबा, पुढचं सगळं तुम्हाला स्वतःला ऐकायचं आहे का? आणि ऐकताना इथं कोणी असावं, ते तुम्हीच सांगा." मामंजी जन्मभर शाळेत शिकविलेले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "धाकट्या सूनबाई राहू देत, त्या लिहून घेतील. बाकीच्यांना मी घरी सांगेन." थोरल्या भावजींना ते लागले. ते बाहेर व्हरांड्यात येरझारा घालीत राहिले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मामंजींनी सर्वांना माजघरात बसविले आणि वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगितले: रोग कोणता, तो पुरता बरा होणार नाही, डायलिसिसने किती साधेल, खर्च किती येईल. मग त्यांनी कामे वाटून दिली. पाण्याचे माप मी ठेवावयाचे, सकाळचे वजन नातवाने लिहावयाचे, आठवड्यातून दोनदा रुग्णालयात नेण्याचे काम भावजींचे, मिठाचा डबा सासूबाईंच्या ताब्यात. "आणि मी कंटाळलो की मी सांगेन, तुम्ही ठरवायचं नाही," हे शेवटचे. ते आणखी दोन वर्षे जगले. त्या दोन वर्षांत घरात कुजबुज नव्हती. दर वेळी डॉक्टर प्रथम त्यांना विचारीत, मग माझी वही पाहत. आणि पायांवरची सूज वाढली आहे हे माझ्या आधी मामंजीच सांगत. ज्या भावजींना पहिल्या दिवशी बाहेर थांबावे लागले, त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून ते शेवटपर्यंत रुग्णालयाच्या पायऱ्या चढले.

यावर कोणी म्हणेल, सर्वांचीच मने अशी घट्ट नसतात. सत्य ऐकून खचणारे रोगीही असतात. खरे आहे. "मला काही सांगू नका, मुलाशी बोला," असे म्हणणारा रोगीही असतो, आणि तसे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे. म्हणूनच त्या डॉक्टरांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. सर्व सत्य त्यांनी एकदम अंगावर ओतले नाही; ऐकावयाचे की नाही हे प्रथम रोग्यास विचारले. आमच्या काकूंना तेवढे कोणीच विचारले नव्हते. कायदाही याच बाजूचा आहे. एका सज्ञान स्त्रीस भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे ठरविले की सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रोग्याच्या ठिकाणी, प्राणसंकट नसताना, आईची संमती चालत नाही. शरीर ज्याचे, होकार त्याचा.

डॉक्टरांची बाजूही घराने ध्यानात घ्यावयास हवी. जिल्ह्याच्या रुग्णालयात, अमरावतीच्या इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला, सकाळी बाह्यरुग्ण विभागापुढची रांग ज्याने पाहिली आहे, त्यास एकेका रोग्याच्या वाट्यास किती वेळ येत असेल ते सांगावयास नको. त्या थोड्या वेळात पाच नातलगांनी पाच वेळा तेच विचारले, की बोलणे तुटक होते. तुटक बोलण्यातून गैरसमज होतो. आणि रोगी दगावला तर त्याच गैरसमजाचे रूपांतर हाणामारीत होते. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, ही आपणांस भूषणाची गोष्ट नव्हे. ज्या घरास पहिल्या दिवसापासून खरे ठाऊक असते, ते घर मृत्यूच्या दारात रडते, पण काच फोडीत नाही, असे मला वाटते.

म्हणून घरोघरी थोडी शिस्त लावून घ्यावी. डॉक्टरांशी बोलणारे माणूस एकच असावे, आणि ते रोग्याने निवडावे. एक वही असावी. तीत ताप, औषधाची वेळ, जेवण, झोप यांची नोंद रोज व्हावी, आणि ती लिहिणाऱ्याने रात्री जवळ झोपणाऱ्यास विचारून लिहावी. घरात गुपचूप चाललेला काढा किंवा भस्म डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टर रागावले तर रागावोत. परदेशी असलेल्या मुलाने मध्यरात्री दूरध्वनी करून सारे उपचार नव्याने ठरवू नयेत. त्याची काळजी खरी असली तरी त्या खोलीतील हवा त्याने अनुभवलेली नसते. आणि डॉक्टर खोलीतून बाहेर येऊन नातलगांशी बोलू लागले, तर त्यांना नम्रपणे म्हणावे, "आतच बसून बोलू या."

शेवटी उपस्थात्याविषयी दोन शब्द. औषधाचा खर्च सर्वांस दिसतो, पण जवळ बसणाऱ्याची झीज कोणाच्या हिशेबात येत नाही. हे ज्यांनी ओळखले ते संत आमच्याच जिल्ह्यातले. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर त्यांचा देह पडला. परंतु त्यांच्या नावाने चाललेल्या मिशनची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांस आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांस आसरा देते. संध्याकाळी अमरावतीहून आणि मग अकोल्याहून मुंबईकडे निघणाऱ्या गाडीत अशी माणसे हमखास भेटतात. एकाच्या उशाखाली कागदांची पिशवी असते आणि दुसरा बाकाच्या कडेवर बसून जागा असतो. त्या दुसऱ्यास कोणीतरी विचारावे, "तुम्ही जेवलात का?"

आपल्या ओळखीच्या घरी आजार असेल तर फळांची करंडी घेऊन पाच मिनिटे डोकावून येण्यापेक्षा दोन तास बसावे, म्हणजे रात्र काढलेल्या माणसास झोप घेता येईल. आणि रोग्यास "कसं वाटतंय?" असे विचारले, तर घरातील दुसऱ्या कोणी उत्तर देण्यापूर्वी त्याच्याकडेच पाहत, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.